वहीतली ११२ नावं

सासूबाईंच्या हळदीकुंकवाच्या वहीत ११२ नावं होती. वही लांबोडकी, लाल कापडी बांधणीची. आमच्या बडोद्यातले व्यापारी दिवाळीला चोपडापूजनासाठी घेतात तसली. पहिली नोंद १९८१ च्या संक्रांतीची. तेव्हा हे घर दांडियाबाजारात, भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. बोलावणं करायला पायीच हिंडायचं, म्हणून नावं गल्लीवार लिहिलेली: आधी दांडियाबाजार, मग रावपुरा, मग घडियाळी पोळ, शेवटी बाबाजीपुरा. एका फेरीत सगळी घरं उरकावीत. नाव निळ्या शाईने, त्यापुढे त्या-त्या वर्षी दिलेलं वाण (गाळणी, स्टीलची वाटी, कुंकवाचा करंडा), आणि उरलेल्या जागेत पेन्सिलीने टीप. टीप बदलते, नाव बदलत नाही, असं त्या म्हणायच्या.

टिपा मला जवळजवळ पाठ आहेत. ‘तीळ चालत नाहीत, दाण्याचा लाडू ठेवणे.’ ‘जिना चढवत नाही, आपणच जाऊन येणे.’ ‘सून नवीन आहे, तिला वेगळं बोलावणं.’ एका ठिकाणी, ‘यजमान गेले. तरी बोलवायचंच.’ या ओळीखाली दोन रेघा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने १९९४ साली मारलेल्या त्या दोन रेघांचा मला आजही अभिमान वाटतो.

सासूबाई २०१९ मध्ये गेल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत मी ती वही कपाटातून काढली आणि तिच्यातली ६४ नावं दुसऱ्या वहीत उतरवून घेतली. हळदीकुंकवासाठी नव्हे.

त्या आदल्या वर्षी यांच्या कंपनीत, मकरपुरा जीआयडीसीत, पगार निम्म्यावर आला होता. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी मंडळाच्या भजनाला जाणारी, घरी शिकवण्या घेणारी बाई. कोविडात शिकवण्याही सुटल्या. मंडळातल्याच एका ताईंनी मला हॉटेलच्या हॉलमधल्या मीटिंगला नेलं. सौंदर्यप्रसाधनांची कंपनी होती. फेसवॉश, सीरम, नाइट क्रीम, लिपस्टिक. ताई म्हणाल्या, “अगं, विकायचं काहीच नाही. आपण वापरायचं आणि चार जणींना सांगायचं. साबण आपण एरवीही आणतोच की.” स्टेजवरची बाई म्हणाली, आपल्या पायावर उभ्या राहा. हे शब्द मी या गावात फार आदराने ऐकत आले आहे. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय इथे १९१४ पासून आहे. सासूबाई तिथे शिवण शिकल्या आणि त्या शिवणावर त्यांनी दोन मुलांची शिक्षणं केली. ब्लाउज शिवला की पैसे, नाही शिवला की नाही. पायावर उभं राहणं म्हणजे तेच, असं मी धरून चालले होते.

स्टार्टर किट घेतलं आणि पहिला गृहपाठ मिळाला: १०० नावांची यादी. तुमच्या लग्नाला आलेले, बाळंतपणात डबा आणणारे, ज्यांचा फोन नंबर तुमच्याकडे आहे असे सगळे. मी १९९८ ला लग्न होऊन सांगलीहून इथे आलेली. माझ्या स्वतःच्या ओळखी किती असणार? तेव्हा ती लाल वही आठवली.

माझ्या वहीत रकाने होते. नाव, फोन, ओळख कुठली, गरज, फॉलोअप. ‘गरज’ हा रकाना महत्त्वाचा, असं शिकवलं होतं. समोरच्या बाईला काय दुखतंय ते शोधा, तिथेच बोट ठेवा. बाबाजीपुऱ्यातल्या एका काकूंपुढे सासूबाईंची टीप आहे, ‘तीळ चालत नाहीत, दाण्याचा लाडू.’ माझ्या वहीत त्याच काकूंपुढे मी लिहिलं, ‘मुलगा घरी बसून. पैशाची गरज. रविवारी फॉलोअप.’

त्या दोन ओळी आज शेजारी ठेवून वाचल्या की अंगावर काटा येतो. माहिती दोघींचीही खरी होती. काकूंना तीळ चालत नाहीत हेही खरं आणि मुलाला नोकरी नाही हेही. सासूबाईंनी ते कळल्यावर लाडू वेगळा ठेवला. मी ते कळल्यावर प्लॅन दाखवायला गेले.

काकू माझ्या डाउनलाइन झाल्या, म्हणजे माझ्या हाताखाली सामील झाल्या. भिशीचे पैसे आले होते त्यातून त्यांनी किट घेतलं, आणि पुढे दीड वर्षात एकूण १८,००० रुपयांचा माल.

बाहेरच्या माणसाला यातला दाब कुठून येतो ते कळत नाही. कुणी धमकी देत नाही. सगळे गोडच बोलतात. ‘डिअर’ म्हणतात, वाढदिवसाला केक पाठवतात. पण महिन्याला ठरावीक पॉइंटांचा माल स्वतःच्या आयडीवर उचलला तरच आयडी अॅक्टिव्ह राहतो, आणि अॅक्टिव्ह नसलात तर खालच्या बायकांच्या खरेदीवरचं कमिशन त्या महिन्यापुरतं बुडतं. म्हणजे दीड हजार मिळवण्यासाठी चार-पाच हजारांचा माल घ्यायचा. तो विकला गेला तर उत्तम. नाही विकला तर दिवाणखाली. घरचे विचारतात तेव्हा त्यांना आकडे सांगायचे नाहीत, कारण घरचे ‘निगेटिव्ह’ असतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की नवरा समोर बसला की मी फोन उलटा ठेवायला लागले. चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून पगार लपवला नव्हता, पगारकपातही लपवली नव्हती. ती सवय या धंद्याने तीन महिन्यांत मोडली.

आणि महिनाअखेर, म्हणजे ‘क्लोजिंग’. २०२३ च्या मार्चची ३१ तारीख मी विसरणार नाही. सिल्व्हरच्या पायरीला माझे थोडे पॉइंट कमी पडत होते, तेही एकाच लेगमध्ये, म्हणजे खालच्या साखळीच्या एकाच फांदीत, काकूंच्या बाजूला. रात्री अकरा वाजल्यापासून फोनवर फोन. तू आज थांबलीस तर तुझ्यामुळे माझंही थांबेल, असं ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रडू होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या वरच्या बाईने त्यांना तेच सांगितलं असणार. मी माझ्या क्रेडिट कार्डावर काकूंच्या आयडीने ९,००० चा माल टाकला. लॉगिनचा ओटीपी काकूंच्या फोनवर गेला. अकरा चाळीसला मी त्यांना उठवलं. झोपेतल्या जड आवाजात त्यांनी एकेक आकडा सांगितला. पाच... नाही गं, सहा... थांब, चष्मा लावते. काय चाललंय, कशासाठी, काहीही विचारलं नाही. सासूबाईंची सून मध्यरात्री फोन करते म्हणजे तसंच काही कारण असेल, एवढाच त्यांचा विश्वास.

पुढच्या महिन्यात अहमदाबादला स्टेजवर मला पिन लावली. फोटो आहे. त्यात मी हसते आहे.

अजून एक गोष्ट लिहायची राहिली तर हे सगळं लिहिणं अर्धवट राहील. आमच्या समा भागातल्या सोसायटीत एक गुजराती शेजारीण आहे. बाळंतपणानंतर तिच्या गालांवर वांग उमटला होता. तीन महिन्यांत जाईल, असं मी तिला सांगितलं. कंपनीच्या पुस्तिकेत असं कुठेही छापलेलं नव्हतं. झूमवरच्या मीटिंगमध्ये आधीचे-नंतरचे फोटो दाखवून सांगितलं जायचं. पंधरा दिवसांत तिचे गाल लाल झाले, आग व्हायला लागली. मी वर विचारलं. उत्तर आलं की आतली घाण बाहेर पडते आहे, वापर थांबवू देऊ नका. आणि मी तिला तसंच सांगितलं. तिने दुसरी बाटली घेतली. शेवटी तिच्या नवऱ्याने तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. वांगाचा संबंध उन्हाशी आणि हार्मोन्सशी असतो, रोजचं सनस्क्रीन आणि महिनोन्महिन्यांचा धीर लागतो, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं आणि मला तिने. ती भांडली नाही. “हमणां नहीं, बेन,” एवढंच पुढच्या वेळी म्हणाली आणि दार लोटलं.

तोपर्यंत अशी बरीच दारं लोटली गेली होती. बडोद्यात मराठी माणसं काही थोडी नाहीत, पण एकमेकांना नावानिशी ओळखणारं आमचं वर्तुळ लहानच. गणपतीत भेटणार त्याच बायका, नाटकाला त्याच, मयताला त्याच. बातमी एका दुपारीत पोचते. बाबाजीपुऱ्यातल्या काकूंकडे आतून टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. मी बेल वाजवली की तो बंद व्हायचा. मग शांतता. दाराच्या काचेमागे सावली हलायची आणि थांबायची. मी दोन-तीन मिनिटं उभी राहून परत यायचे. एकदा तर मी एका घरी मयताला गेले तेव्हाही पर्समध्ये कॅटलॉग होता. मी तो बाहेर काढला नाही. पण त्या घरच्या थोरल्या जावेच्या चेहऱ्यावर वांग आहे हे माझ्या नजरेने टिपलं होतं, आणि घरी येऊन मी ते वहीत लिहिलं.

२०२४ ची जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती. पाऊस थांबेना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फुटांची. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या पुढे गेलं. समा, अकोटा, फतेगंज, किती भाग पाण्याखाली गेले ते बडोदेकरांना सांगायला नको. आमचं घर तळमजल्यावर. पाणी आधी न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून. हे फ्रिजखाली विटा सरकवत होते. मुलगी कागदपत्रांची पिशवी घेऊन वरच्या मजल्यावर पळाली. आणि मी दिवाणखालची खोकी काढत होते. अकरा खोकी. गॅसची शेगडी उतरवून खाली ठेवली आणि ओट्यावर खोकी रचली. हे ओरडले, “अगं, ते काय करतेस!” मी म्हटलं, “पैशाचा माल आहे.”

पाणी दोन दिवस होतं. उतरल्यावर गुडघाभर गाळ, वास, भिंतींवर ओली रेघ. ओट्यावरची खोकी कोरडी ठणठणीत. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्यांवरची तारीख आधीच उलटून गेलेली होती. लाल वही कपाटाच्या खालच्या खणात होती.

ती फुगून पावासारखी झाली होती. गच्चीत पान-पान उलटून आठ दिवस वाळवली. शाई पूर्ण धुऊन गेली होती, सगळ्या पानांवर फिकट निळे ढग. पेन्सिल मात्र पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे नावं गेली आणि टिपा राहिल्या. जिना चढवत नाही, आपणच जाऊन येणे. कुणाला? सून नवीन आहे. कुणाची? यजमान गेले, तरी बोलवायचंच. खाली दोन रेघा, आणि डावीकडे नुसता डाग.

गाळ काढून होईपर्यंत मी कुणाचा फोन घेतला नाही. ऑगस्टचं क्लोजिंग गेलं. मग एका संध्याकाळी मुलीने सगळ्या पावत्या घेऊन हिशेब मांडला. अडीच वर्षांत घेतलेला माल २,८७,४०० रुपयांचा. सेमिनार, तिकिटं, हॉलची वर्गणी ५२,६००. विक्रीतून आलेले १,६१,२५०. कमिशन ४१,३००. तोटा १,३७,४५०. यात स्कूटरचं पेट्रोल नाही. स्टेजवर माझ्या नावापुढे फक्त कमिशनचा आकडा वाचला गेला होता.

तिने आणखी एक गणित करून दाखवलं. प्लॅनमध्ये प्रत्येकीने सहा जणी आणायच्या असतात. सहा, मग ३६, मग २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६. आठव्या पायरीला १६,७९,६१६. बडोदा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण १६ लाख ७० हजार होती. म्हणजे आठव्या पायरीवर पाळण्यातल्या बाळासकट अख्खं गाव लागतं आणि तरी भरत नाही. मी आठवी-नववीच्या मुलांना घातांक शिकवत आले आहे. हॉलमध्ये फळ्यावर ते वर्तुळ सहाला फुटताना पाहिलं तेव्हा मला हे सुचलं नाही, कारण मी तिसऱ्या वर्तुळापुढे पाहतच नव्हते. फळ्यावरही तिथपर्यंतच काढतात.

मग मी वाचत गेले. दारोदार सुगंधी वस्तू विकणं जुनं आहे. पुस्तकं विकणारे डेव्हिड मॅककॉनेल गिऱ्हाइकांना अत्तराची नमुनाबाटली देत, आणि लोकांना पुस्तकांपेक्षा अत्तर आवडतं हे पाहून त्यांनी १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये ज्या कंपनीचा पाया घातला तीच पुढे एव्हॉन झाली. तेव्हाच्या बायका बाटली विकून त्या बाटलीवरचं कमिशन घेत. आपण आणलेल्या माणसांच्या खरेदीवर आपल्याला वाटा, ही रचना अमेरिकेत १९४५ च्या सुमारास जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्यांनी बसवली. आणि १९७५ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कॉस्कॉट नावाच्या कंपनीचा निकाल देताना पिरॅमिड कशाला म्हणायचं ते सांगितलं. तीही सौंदर्यप्रसाधनांचीच कंपनी. तुम्ही पैसे भरता, त्याबदल्यात माल विकायचा हक्क मिळतो, आणि नवी माणसं आणल्याचं बक्षीसही मिळतं. ते बक्षीस जर माल शेवटी वापरणाऱ्याला विकला जाण्याशी बांधलेलं नसेल, तर तो पिरॅमिड. मी आमच्या पावत्या पुन्हा चाळल्या. माझ्या टीममधल्या बहुतेक पावत्या टीममधल्याच बायकांच्या नावावर होत्या. बाहेरचं, नुसतं क्रीम हवं म्हणून क्रीम घेणारं गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

आपल्याकडे पैशाच्या अशा फिरत्या साखळ्यांवर १९७८ पासून बंदीचा कायदा आहे. आणि थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखालचे नियम २८ डिसेंबर २०२१ ला लागू झाले, म्हणजे मी सामील होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. पिरॅमिड योजनेला त्यांत मनाई आहे. मी ते वाचत होते ते कंपनीची चूक सापडेल म्हणून. पण त्यात विक्रेत्यासाठीही कलमं आहेत. ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ असल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. कंपनीने मान्य केलेल्या दाव्यांशी न जुळणारं काही सांगायचं नाही. तिथे मी थांबले. काकूंच्या दाराबाहेर न सांगता जाऊन उभी राहिले ती मीच. शेजारणीला तीन महिन्यांचं वचन दिलं तेही मीच. ते वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

पुरानंतरच्या त्याच सप्टेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी अशा ७० कंपन्यांची उत्पन्नाची पत्रकं तपासून लिहिलं की बहुतेक सहभागी वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळवतात, आणि त्यातही बहुतेक पत्रकांत खर्च वजा केलेला नसतो. तिकडच्या कुठल्यातरी गावात एखादी बाई असेल, तिच्याही दिवाणखाली खोकी असतील, असं मला वाटत राहिलं.

ताईंना मी चोर म्हणणार नाही. त्यांच्यावर माझ्यापेक्षा मोठं कर्ज होतं हे मला नंतर कळलं. मी ग्रुप सोडला त्या दिवशी त्यांनी एक लांबलचक निरोप पाठवला, जिंकणारे सोडत नाहीत अशा अर्थाचा. रात्री दुसरा आला, “तुझ्या घरात पाणी किती होतं गं?” पहिल्याला मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला दिलं.

ऑक्टोबरपासून मी काकूंचे पैसे फेडते आहे, महिन्याला १,५००. शिकवण्या पुन्हा सुरू केल्या आहेत. पहिल्या हप्त्याला काकूंनी दाराच्या फटीतून पाकीट घेतलं, मोजलं आणि “बरं” म्हणाल्या. दुसऱ्याला बसायला सांगितलं, पण पाणी विचारलं नाही. तिसऱ्याला मुलगा घरी होता, तो आत निघून गेला. यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

दरम्यान मी लाल वही पुन्हा लिहायला घेतली. तेव्हा लक्षात आलं की सासूबाईंची नावं आता एकाच ठिकाणी उरली आहेत, माझ्या त्या रकान्यांच्या वहीत. पुराच्या रात्री ती माझ्या पर्समध्ये होती. बॉलपेनने लिहिलेली, शाबूत. मी गल्लीवारच उतरवून घेतली होती, त्यामुळे टिपांशी जुळवता आली. ‘गरज’ आणि ‘फॉलोअप’ हे रकाने हाताने झाकून मी एकेक नाव परत जागेवर लिहिलं. ६४ झाली. दाण्याच्या लाडवाच्या टिपेपुढे काकूंचं नाव लिहिलं. उरलेली ४८ मला माहीत नाहीत. सासूबाईंच्या वेळची, रावपुऱ्यातली, काही आता नसतील. घडियाळी पोळीत राहणारी ती कोण, जिचे यजमान गेले आणि तरी जिला बोलवायचंच होतं? हे सांगू शकतील अशा बाबाजीपुऱ्यातल्या काकूच उरल्यात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी चौथा हप्ता घेऊन गेले. सकाळी फोन करून वेळ विचारली होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात डबा. डब्यात दाण्याचे लाडू वेगळे बांधलेले. जिन्यातच टीव्हीचा आवाज ऐकू आला. मी बेल वाजवली आणि सवयीने श्वास रोखला. मालिकेतली कुणीतरी बाई मोठ्याने रडत होती. तिचा आवाज चालूच राहिला, आणि त्याच्या मागून सपाता ओढत येणारी पावलं.